पाव मायक्रॉनचा हिशेब

आवडीला पोस्टिंग आल्याची ऑर्डर निघाली त्या संध्याकाळी कोर्समेट्सच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, "आवडीचं की नावडीचं?" गेल्या दीड वर्षात हा विनोद मी किमान चाळीस वेळा ऐकलाय. प्रत्येक जण तो आपल्यालाच सुचला अशा थाटात सांगतो आणि मीही दर वेळी हसतो. फौजेत राहून एवढं तरी शिकलोच आहे.

आजचा लेख मात्र रणगाड्यांवर नाही, डोळ्यांवर आहे. त्याला निमित्त माझं एक वाक्य. ते मी फारसा विचार न करता बोलून गेलो होतो.

जूनमध्ये ताईचा फोन आला. भाचा पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून त्याच्या डोक्यात फौज आहे आणि हे खूळ तिथे कोणी घातलं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या पाचव्या वाढदिवसाला विजयंताचं लाकडी मॉडेल मीच नेऊन दिलं होतं. नंबरामुळे एनडीएचा नाद त्याने बारावीतच सोडला. आता त्याला सीडीएस द्यायची होती. "त्याचा नंबर पावणेपाच झालाय रे," ताई म्हणाली. "क्लासचे सर म्हणतात लेझर करून घे, पोरं करतात. तू काय म्हणतोस?"

मी म्हणालो, "अगं, चेन्नईला पाठव. पाच मिनिटांचं काम आहे."

लेझरशी माझी ओळख तशी जुनी. तरुण लेफ्टनंट असताना गनरी शिकलो तेव्हा उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "साब, मेन गन से पहले इससे डरना." 'इससे' म्हणजे लेझर रेंजफाइंडर. समोर माणूस असेल तर बटण दाबायचं नाही. दुर्बिणीतून कोणी आपल्याकडे पाहत असेल तर मुळीच नाही. काच, पाणी किंवा पत्रा दिसला तरी दोनदा विचार करायचा. आवडीच्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीची स्थापना १९६१ ची. तिथून १९६५ अखेर पहिला विजयंता बाहेर पडला तेव्हा त्यात ही भानगड नव्हती. तोफेच्या जोडीला अंतर मोजणारी एक जड मशीनगन होती. गनर तिच्यातून ट्रेसर सोडायचा, ते लक्ष्यावर पडलेले दिसले की अंतर जुळलं असं समजायचा आणि मग मुख्य तोफ डागायचा. ट्रेसरमुळे शत्रूलाही कळायचं, कोणीतरी आपलं माप घेतंय. लेझर आला तसा हा सगळा खटाटोप एका बटणावर आला.

धोकाही त्याच बटणात होता. जुन्या रेंजफाइंडरमधला लेझर साधारण १०६४ नॅनोमीटरचा. तो डोळ्याला दिसत नाही, पण कॉर्निया आणि भिंगातून स्वच्छ काचेतून गेल्यासारखा आरपार जातो आणि थेट मागच्या पडद्यावर एकवटतो. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो, तसंच. फरक एवढाच की इथे भिंग आपलं आणि कागदही आपलाच. १५०० नॅनोमीटरच्या पुढचे 'आय-सेफ' रेंजफाइंडर नंतर आले. ती किरणं डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यातच शोषली जातात, पडद्यापर्यंत पोचत नाहीत. आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत बंदी आली. शस्त्र रणांगणात पोचण्याआधीच त्यावर बंदी यावी, असे प्रसंग युद्धाच्या इतिहासात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

म्हणजे ज्या वस्तूपासून डोळे जपायला आम्हाला शिकवलं, त्याच वस्तूकडे डोळे वटारून बघायला मी भाच्याला बोलावत होतो. लेझर निराळा असतो हे मला ठाऊक होतं. किती निराळा आणि तो कुठून आला, हे तो यायच्या आधीच्या दोन आठवड्यांत वाचून काढलं.

प्रकाशाने डोळा दुरुस्त करण्याची कल्पना एका अपघातातून आली. जुलै १९४५ मध्ये युरोपात सूर्यग्रहण लागलं. ते उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेले रुग्ण जर्मनीतल्या मायर-श्विकेराट या तरुण डॉक्टरासमोर आले. त्याच्या मनात उलटा विचार आला. हीच भाजणी हव्या त्या जागी, हवी तेवढीच देता आली तर? सुटू पाहणारा पडदा तिथल्या तिथे चिकटवता येईल. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या हॅम्बुर्गमध्ये त्याने आरशांनी सूर्यप्रकाश ओढून आणला आणि रुग्णांच्या डोळ्यात सोडला. ढग आले की ऑपरेशन बंद. मग झेनॉनचा दिवा आला. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमनने पहिला रुबी लेझर चालवून दाखवला आणि पुढच्या काही वर्षांतच नेत्रतज्ज्ञांनी तो उचलला.

इथे आपल्या वेटरन वाचकांसाठी थोडं थांबतो, कारण मेसमध्ये या विषयावर बराच गोंधळ ऐकलाय. मधुमेहामुळे पडद्यावर मारतात तो लेझर वेगळा, तो जाळतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागचा पापुद्रा धुरकट होतो, त्याला भोक पाडणारा याग लेझर वेगळा. आणि "माझा मोतीबिंदू लेझरने काढला" असं अभिमानाने सांगणाऱ्या बहुतेक कर्नलसाहेबांचा मोतीबिंदू खरं म्हणजे अल्ट्रासाउंडने, म्हणजे आवाजाच्या कंपनांनी फोडून काढलेला असतो. चष्म्याचा नंबर घालवणारा लेझर या सगळ्यांहून निराळा. तो जाळत नाही. आणि त्याची गोष्ट मद्रासच्या माणसाची आहे.

रंगस्वामी श्रीनिवासन यांचा जन्म १९२९ चा, मद्रासचा. मद्रास विद्यापीठातून रसायनशास्त्रात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण, मग अमेरिकेत पीएचडी आणि १९६१ पासून न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात नोकरी. तिथे एक्सायमर लेझर होता, १९३ नॅनोमीटरचा, खोल अतिनील. प्लॅस्टिकवर तो सोडला की प्लॅस्टिक वितळत नसे. रेणूंचे बंध तुटायचे आणि वरचा थर उडून जायचा, शेजारच्या भागाला उष्णतेचा पत्ताही लागत नसे. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम या सहकाऱ्यांबरोबर चर्चा चालली होती की हे सजीव ऊतींवर चालेल का. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, श्रीनिवासन यांनी घरच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा प्रयोगशाळेत नेला. एक्सायमरने त्यात स्वच्छ, काठ न करपलेली खाच पडली. शेजारी हिरव्या लेझरने पाडलेली खाच काळी, जळकी. पुढे माणसाच्या केसावर कोरलेल्या खाचांचा फोटो जगभर गाजला. केसाची जाडी ६०–८० मायक्रॉन. त्यावर करवतीने कापल्यासारख्या चौकोनी खाचा, आणि केस कुठेही करपलेला नाही.

न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हे हेरलं आणि १९८३ मध्ये ट्रोकेल, श्रीनिवासन व ब्रारेन यांचा कॉर्नियावरचा निबंध प्रसिद्ध झाला. एका पल्समध्ये साधारण पाव मायक्रॉन थर निघतो. मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक मायक्रॉन, त्याचाही पाव. १९८८ मध्ये अमेरिकेत दिसत असलेल्या डोळ्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. त्या बाईंचा तो डोळा कर्करोगामुळे काही दिवसांत काढायचाच होता. विज्ञानाला उपयोग होईल तर करा, असं त्या म्हणाल्या. १९९० च्या सुमारास क्रीट बेटावरच्या पालिकारिस यांनी कॉर्नियाची पातळ चकती झाकणासारखी उचलून खाली लेझर मारायची पद्धत आणली, तीच लेसिक. श्रीनिवासन, विन आणि ब्लम यांना २०१३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. आवडीहून लोकलने सेंट्रलला जाताना खिडकीबाहेर लेसिकच्या जाहिराती दिसतात, त्यावर सवलतीचे आकडे असतात. या गावात जन्मलेल्या त्या माणसाचं नाव एकाही फलकावर दिसलं नाही.

लेझरच्या आधीही लोकांनी चष्म्याशी लढाई केली होती. जपानमध्ये सातो यांनी १९३० च्या दशकापासून कॉर्नियाला आतून चिरा द्यायला सुरुवात केली. नंबर कमी व्हायचा, लोक खूश व्हायचे, आणि पुष्कळ वर्षांनी कॉर्निया सुजून पांढरा पडायचा. बोगोटाचे बाराकेर कॉर्नियाची चकती काढून, गोठवून, लेथवर घासून परत बसवायचे. आमच्या ईएमईच्या कारागिराला ऐकून आनंद होईल अशी ही पद्धत. मॉस्कोत फ्योदोरोव यांनी बाहेरून चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याचं तंत्र रूढ केलं, आणि रुग्णांना सरकत्या पट्ट्यावर झोपवून एकेका सर्जनपुढून पुढे सरकवायची सोयही.

या चिरांच्या ऑपरेशनचा एक किस्सा उंचीवर राहिलेल्या प्रत्येकाने ऐकावा. १० मे १९९६, एव्हरेस्ट. बेक वेदर्स हा अमेरिकन डॉक्टर, स्वतः पॅथॉलॉजिस्ट, हेच ऑपरेशन करून घेऊन चढला होता. विरळ हवेत प्राणवायू कमी पडला की चिरलेला कॉर्निया सुजतो आणि आकार बदलतो, हे त्याला वर गेल्यावर कळलं. शिखराच्या बऱ्याच खाली त्याला दिसेनासं झालं. नजर येईल म्हणून तो बसून राहिला आणि त्याच संध्याकाळी वादळ आलं. मेला असं समजून सोडून दिलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी कॅम्पवर परतला, पण उजवा हात आणि नाक गमावून. मी हे वाचलं आणि ग्लेशियरवरची माझी पहिली पाळी आठवली. तेव्हा माझे डोळे चांगले होते. पण माझ्या पोस्टवरचा रेडिओ ऑपरेटर चष्म्यावर गॉगल घालायचा. आत श्वासाची वाफ, बाहेर बर्फ. दर दहा मिनिटांनी हातमोजा काढून तो काच पुसायचा, आणि उघड्या बोटांची काळजी मला त्याच्यापेक्षा जास्त वाटायची. गॅस मास्कमध्ये चष्म्याच्या काड्या मावत नाहीत. रणगाड्यात मे महिन्यात घामाने चष्मा नाकावरून घसरतो आणि आयपीसला काच आपटते. शहरात चष्मा ही चेहऱ्याची गोष्ट असेल, फौजेत ती कामाची गोष्ट आहे. अमेरिकन नौदलाने १९९३ मध्ये आपल्या सील कमांडोंवर चाचण्या सुरू केल्या त्या याच कारणाने. चिरांपेक्षा लेझर उंचीवर बराच स्थिर राहतो हे पुढे दिसून आलं आणि २००७ मध्ये नासानेही अंतराळवीरांसाठी तो मान्य केला.

आपल्याकडेही तो मान्य आहे, पण अटींवर. क्लासवाले या अटी सांगत नाहीत म्हणून लिहितो. ऑपरेशन वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेलं नसावं. म्हणून एनडीएच्या मुलांना हा रस्ता बंदच. त्यानंतर किमान बारा महिने झालेले असावेत. डोळ्याच्या लांबीला मर्यादा आहे, उरलेल्या नंबरालाही. आणि ऑपरेशननंतर कॉर्निया ४५० मायक्रॉनपेक्षा पातळ नसावा. नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. लपवून तर मुळीच जाऊ नका. मेडिकल बोर्डासमोर "नाही सर, काही केलेलं नाही" म्हणणाऱ्या मुलाचा कॉर्निया यंत्रावर एका मिनिटात खरं बोलतो.

भाचा आला तो शुक्रवारी, ट्रेनने. दोन आठवड्यांपासून त्याने कॉन्टॅक्ट लेन्स बंद केल्या होत्या, त्या कॉर्नियाचा आकार तात्पुरता दाबतात म्हणून. वीस पूर्ण होऊन चार महिने झाले होते. "मामा, हिशेब केलाय," तो म्हणाला. "आता केलं तर पुढच्या वर्षी बारा महिने भरतात."

शनिवारी सकाळी हॉस्पिटलमध्ये तीन तास गेले. हनुवटी इथे टेकवा, लाल दिव्याकडे बघा, पापणी हलवू नका. डोळ्यावर गोल गोल रिंगणं पडायची आणि स्क्रीनवर कॉर्नियाचा नकाशा उमटायचा, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कंटूर शीटसारखा, उंचीप्रमाणे रंग बदलत. नकाशे वाचण्यात माझी अर्धी नोकरी गेली. दोन्ही डोळ्यांत, मध्यापासून जरा खाली, लाल टेकडी दिसत होती. ती तिथे असायला नको, एवढं मला डॉक्टरांच्या आधी कळलं.

डॉक्टर शांत होते. त्यांनी कागदावरच हिशेब मांडून दाखवला. किती खोल घासायचं याचं एक ढोबळ सूत्र आहे, मनरलिन यांचं. जेवढ्या व्यासाचा भाग घासायचा त्याचा वर्ग, गुणिले नंबर, भागिले तीन. सहा मिलिमीटर धरले तर ३६ गुणिले ४.७५ भागिले ३, म्हणजे ५७ मायक्रॉन. भाच्याचा कॉर्निया सगळ्यात पातळ जागी ४७८. सर्वसाधारण माणसाचा ५४० च्या आसपास असतो. चारशे अठ्ठ्याहत्तरमधून सत्तावन्न गेले, उरले ४२१.

"बोर्डाचा नियम सोडून द्या," ते इंग्रजीत म्हणाले. "नियम नसता तरी मी केलं नसतं." खालची टेकडी म्हणजे कॉर्निया पुढे शंकूसारखा फुगण्याची शक्यता, केराटोकोनस. अशा डोळ्यावर लेझर मारणं म्हणजे आधीच कमकुवत भिंत आतून तासणं. दर सहा महिन्यांनी नकाशा काढायचा, डोळे चोळायचे नाहीत, टेकडी वाढली तर ती थोपवण्याचे उपचार आहेत.

हे यंत्र फक्त वजाबाकी करतं, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत सुचली नव्हती. पाव मायक्रॉन इतक्या अचूकपणे काढता येतो, पण एकही परत ठेवता येत नाही. आणि मी ताईला सांगून बसलो होतो, पाच मिनिटांचं काम.

बाहेर आलो. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते, त्यामुळे त्याला ऊन सोसेना. त्याला माझा गॉगल दिला. रिक्षात तो बोलला नाही. मी बोललो, पण काय बोललो ते आठवत नाही. बहुधा नको तेवढं. मग गप्प बसलो.

लोकलला वेळ होता म्हणून एग्मोरला उतरलो, तिथलं जुनं डोळ्यांचं हॉस्पिटल त्याला बाहेरून दाखवलं. १८१९ मध्ये सुरू झालेलं. एलियट नावाचे लष्करी डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे प्रमुख होते. काचबिंदूवरच्या त्यांच्या ऑपरेशनने नाव झालं. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. गावोगाव सुईने मोतीबिंदू आत ढकलून देणारे वैदू फिरायचे. त्यांच्या हातून गेलेले डोळे एलियट यांनी चिकाटीने तपासले, मोजले आणि १९१७ मध्ये लंडनला त्यावर व्याख्यानं दिली. वैदू ऑपरेशन झाल्या झाल्या रुग्णापुढे बोटं धरायचा, रुग्णाला ती दिसायची, पैसे घेऊन वैदू पुढच्या गावी. पुढे डोळ्याचं काय झालं ते बघायला तो थांबायचा नाही. ते बघणारा माणूस एग्मोरला बसला होता.

भाच्याने एवढंच विचारलं, "आपल्याकडे कोणी लिहून ठेवायचं नाही?"

लिहायचे. मार्चमध्ये मी तंजावरला जाऊन आलो होतो. आपले सर्फोजीराजे दुसरे, १७७७ ते १८३२. राज्य इंग्रजांच्या हाती गेल्यावर या मराठी राजाने लायब्ररी आणि वैद्यक यांत मन घातलं. धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही परंपरांचे वैद्य त्याने एकत्र बसवले. सरस्वती महालात डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं आहेत आणि सोबत त्या त्या रुग्णाच्या डोळ्यांची रंगीत चित्रं. फोटोग्राफीचा शोध लागायच्या आधीची ही केस शीट. कोणा शेतकऱ्याचा दुधाळ झालेला डोळा चितारीने पापणीच्या केसांसकट काढून ठेवायचा. मी त्याला मोबाइलवरचे तंजावरचे फोटो दाखवले. त्याने गॉगल वर करून, स्क्रीन नाकापाशी नेऊन पाहिले. थेंबांमुळे त्याला जवळचं धूसर दिसत होतं. मलाही दिसत नव्हतं, कारण माझी चाळिशी घरी राहिली होती. हा माझा आजार लेझरने जात नाही. वयाने डोळ्यातलं भिंगच ताठ होतं, बाहेरून कितीही घासा. एक विशीचा आणि एक पंचेचाळिशीचा, दोघं एकच फोन लांब-जवळ करत फुटपाथवर उभे होतो.

रात्री ताईला फोन मी केला. त्याने करायला नको म्हणून. "जमणार नाही म्हणाले," एवढं सांगितलं आणि कारण समजावलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "डोळे तर नीट राहतील ना?" या एका प्रश्नासाठी मी दोन आठवडे वाचन केलं होतं, तरी उत्तर डॉक्टरांचंच दिलं. दर सहा महिन्यांनी तपासणी.

रविवारी संध्याकाळी स्टेशनला सोडायला निघालो तेव्हा वाटेत चौथऱ्यावर ठेवलेला विजयंता लागला. त्याने गाडी थांबवायला लावली. चष्मा लावून, तोफेच्या बाजूला वाकून, अंतर मोजणारी मशीनगन कुठे असायची ते विचारलं. दाखवलं. मग रस्त्यापलीकडच्या लांबच लांब कुंपणाकडे बघत म्हणाला, "मामा, आत हे डिझाइन करणारे लोक असतात ना, डीआरडीओचे. त्यांना चष्मा चालतो?"

"चालतो," म्हटलं. "माझ्या ओळखीच्या निम्म्यांना आहे."

तो काही बोलला नाही. गाडी सुटायला वीस मिनिटं होती, म्हणून कॉफी घेतली.